पोर उशिरा बोलतंय? ‘बापूस पण उशिराच बोललेला’ म्हणण्याआधी एवढं करा

आमच्या गोव्यात डिचोलीकडे दोन वर्षांचं पोर बोलत नसलं की म्हाताऱ्यांचं ठरलेलं, ‘बापूस पण उशिराच बोललेला गो, आता बघ गप्प बसतो का’. पुष्कळदा ते खरं निघतं, पण दरवेळी नाही ना! २०१८ साली देशातल्या पाच ठिकाणचा एक अभ्यास छापून आला, त्यात आपला उत्तर गोवा पण होता, २ ते ९ वर्षांची जवळजवळ ४ हजार पोरं तपासली आणि साधारण आठात एकाला काहीतरी निघालं, ऐकू कमी येणं, बोलणं मागे, फिट्स, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, असलं. सहाच्या आतल्या पोरांत जागेप्रमाणे ३ टक्क्यांपासून जवळजवळ १९ पर्यंत.

तर आधी इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. अडीच किलोच्या खाली वजन, ३७ आठवड्यांच्या आधी जन्म, जन्मल्यावर लगेच रडलं नाही, काचेत ठेवलेलं, खूप चढलेली कावीळ, नंतर कधी मेंदूज्वर, उंची वाढत नाही, यातलं काही असलं म्हणजे आजार आहेच असं नाही हां, फक्त मग वाट बघत बसायचं नाही. दोन महिने आधी जन्मलं असेल तर वर्षाच्या पोराला १० महिन्यांचं धरा, दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात.

मग घरात बघा. वर्षाचं होईपर्यंत नाव घेतल्यावर वळतं का, दीड वर्षात चालतं का, दोनाला ‘आई दे’ असे दोन शब्द जोडतं का. बोट दाखवण्याकडे नीट लक्ष द्या, बिस्किट पाहिजे म्हणून दाखवणं वेगळं आणि ‘ते बघ मांजर’ म्हणून तुम्हाला दाखवणं वेगळं, दुसरं जास्त महत्त्वाचं. येत असलेले शब्द गेले तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

कान तपासूनच घ्या. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, पों-पों ऐकून दारात धावतं म्हणजे कान बरे, असं आम्ही पण समजायचो, पण भोंपू मोठा असतो, ‘स’, ‘श’ सारखे बारीक आवाज ऐकू येत नसले तरी तो येतो!

आणि घरात कोंकणी, मराठी, शाळेत इंग्लिश म्हणून पोर गोंधळलं हे डोक्यातून काढा, पोराला किती शब्द येतात ते बघताना ‘उदक’ आणि ‘पाणी’ दोन्ही शब्द मोजायचे.

दाखवायचं कुठे, तर अंगणवाडीत नाहीतर जवळच्या आरोग्य केंद्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं विचारा, २०१३ पासून आहे, तपासणी फुकट, पुढे चिठ्ठी पण तेच देतात. जाताना मोबाईलवर दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, जेवताना, खेळताना, नाव घेऊन हाक मारताना, कारण डॉक्टरच्या खोलीत पोर नुसतं रडतं.