इंदुरातून विश्वकिरणांची घट मोजताना

सूर्यावर ज्वाला भडकली की त्याच घटकेला विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) मोजणाऱ्या यंत्राचा आकडा उसळेल, अशी अपेक्षा इंदुरात ठेवू नका. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो, पण तिच्यासोबत सुटलेले प्रोटॉन इथवर क्वचितच उतरतात. इंदुराच्या अक्षांशावर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण 15 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (कणांची ऊर्जा मोजायचे एकक) खालच्या प्रोटॉनला परतवून लावते.

इथे मोजायची ती घट. ज्वालेबरोबर प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा, लोट सुटून आपल्याकडे निघाला, तर एक ते चार दिवसांत पोचतो. एरवी 5 नॅनोटेस्लाच्या आसपास असलेले आंतरग्रहीय चुंबकीय क्षेत्र तेव्हा कित्येक पटींनी चढते, गुंतते, आणि आकाशगंगेतून येणारे बरेच विश्वकिरण बाहेरच अडतात. हीच फोर्बुश घट: घसरण काही तासांची, भरपाई कित्येक दिवसांची.

जमिनीवर आपण मोजतो ते म्युऑन, म्हणजे विश्वकिरण हवेवर आदळून तयार होणारे कण. इंदुरात त्यांची घट बहुधा एक-दोन टक्केच असते, म्हणून यंत्र मोठे हवे. 20×20 सेंटिमीटरच्या दोन सिंटिलेटर पाट्या (कण आरपार गेला की चमकणाऱ्या) 10 सेंटिमीटर अंतराने एकावर एक ठेवा आणि दोन्हींत एकदमच आलेले स्पंदनच मोजा. मिनिटाला दीडशेच्या आसपास नोंदी मिळतील, म्हणजे तासाला 9,000 आणि मोजणीतली यादृच्छिक चूक एक टक्का. सहा-सहा तासांची बेरीज घेतली की ती अर्ध्या टक्क्याखाली येते. 5×5च्या पाट्यांवर हा खेळ जमत नाही. दिवसभराच्या नोंदींतही टक्क्याहून जास्त चूक उरते.

खरी फसगत हवेचा दाब करतो. इंदुरात तो 950 हेक्टोपास्कलच्या आसपास, रोज सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला पडतो. दाब 1 हेक्टोपास्कल वाढला की म्युऑन साधारण 0.15 टक्क्याने कमी होतात. तेव्हा दर मिनिटाला दाबही नोंदवा, आणि सूर्य शांत असलेल्या महिन्याच्या नोंदींवरून आपल्या यंत्रासाठी दाबाच्या परिणामाचा नेमका गुणक काढा. दुसऱ्याचा उसना घेऊ नका, छताचा स्लॅब आणि पाट्यांची रचना बदलली की तोही बदलतो.

मग फिनलंडमधल्या औलू केंद्राचा न्यूट्रॉन आलेख (तिथे विश्वकिरणांपासून झालेले न्यूट्रॉन मोजतात) शेजारी ठेवा. तिथे चुंबकीय आडकाठी फार कमी, त्यामुळे घट कित्येक पट खोल दिसते. घसरण फक्त तुमच्याकडे आणि तीही मे महिन्यातल्या दुपारी असेल, तर आधी खोलीचे तापमान पाहा. उष्म्याने सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरची (पाट्यांतली चमक टिपून तिचे विद्युत स्पंदन करणारा भाग) वर्धनक्षमता घटते आणि दुबळी स्पंदने मोजणीचा उंबरठा ओलांडत नाहीत.