ट्रायलोबाइट जमवताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी बँडस्टँडच्या खडकांवरून फोटो पाठवतं, "दादा, ट्रायलोबाइट सापडला!!" नसतो हो तो. ट्रायलोबाइट म्हणजे कधीच नामशेष झालेला, किड्यासारखा दिसणारा कवचवाला समुद्री प्राणी, आता फक्त दगडात जीवाश्म म्हणून मिळतो. फोटोतला असतो कायटन, शिंपल्यांच्या गोत्रातला आजचा समुद्री जीव, पाठीवर आठ पट्ट्या, दगडाला घट्ट चिकटलेला आणि बऱ्याचदा चक्क जिवंत. मुंबईचा खडक म्हणजे मुख्यतः लाव्हा, अंधेरीची गिल्बर्ट हिल घ्या, साधारण साडेसहा कोटी वर्षांची, आणि ट्रायलोबाइट त्याच्या कितीतरी आधी, २५ कोटी वर्षांपूर्वीच संपलेत. इथे हातोडी घेऊन फिरू नका. (वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले होते, १८४७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णनही केलंय, पण बेडूक कोणाला हवाय!)

नावातलं 'ट्राय' म्हणजे तीन, पण डोकं, धड, शेपूट असे तीन नाहीत. तसं मोजलं तर माशीही ट्रायलोबाइट होईल. तीन भाग उभे मोजायचे, मधला कणा आणि दोन बाजू. आणि सुटी शेपटी मिळाली म्हणजे तिथे प्राणी मेला असंही नाही, हे लोक खेकड्यासारखी कात टाकायचे.

आता माझं दुखणं. थर. लोकांना फक्त किडा हवा असतो, तो कुठल्या थरातला हे विचारलं की तोंड बघत बसतात. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधला एक मुलगा हिमाचलमधल्या स्पितीहून आला आणि तिथल्या लांग्झा गावात घेतलेला 'कँब्रियन' (म्हणजे साधारण ५० कोटी वर्षांपूर्वीचा, ट्रायलोबाइटांच्या काळातला) दगड दाखवायला लागला. तो शाळिग्रामात असतो तसला ॲमोनाइट होता, गोल वळलेल्या शंखाचा समुद्री प्राणी, जुरासिकमधला, म्हणजे डायनोसॉरच्या काळातला! कँब्रियनचे थर तिथून वेगळीकडे, पिन नदीला मिळणाऱ्या पराहियोच्या खोऱ्यात आहेत. एकच स्पिती, पण दोघांत ३० कोटींहून जास्त वर्षांचा फरक. त्यात हिमालयात थर कलंडलेले, कुठे पार उलटे झालेले, त्यामुळे 'जास्त उंचीवर म्हणजे नवीन' हा हिशोब तिथे चालत नाही. उतारावर सुटा पडलेला दगड तर धरूच नका, तो वरच्या कुठल्याही थरातून घरंगळत आलेला असू शकतो. मी सुट्या दगडाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'घरंगळलेला' लिहितो.

थराला एवढं महत्त्व कशाला, तर याच पराहियोच्या ट्रायलोबाइटांतल्या एकाचं नाव ऑरिक्टोसेफॅलस इंडिकस. तो थरांमध्ये पहिल्यांदा कुठे दिसतो त्यावर २०१८ मध्ये कँब्रियनमधल्या एका टप्प्याची जगभराची सुरुवात ठरली, त्यासाठी प्रमाण धरलेली जागा चीनच्या ग्वेझो प्रांतातली. नाव मात्र इंडिकस, म्हणजे भारतीय! हाच किडा थराची नोंद न ठेवता कपाटात पडला असता तर पेपरवेटच.

माझ्याकडे नेमकं तेच झालं. अकरा तुकडे होते, काही अमेरिकेतल्या युटाच्या व्हीलर शेलचे (शेल म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला, पापुद्रे सुटणारा खडक), काही चेक देशातल्या यिन्सचे, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी. दिवाळीच्या साफसफाईत आईने सगळे दगड धुतले, गच्चीवर वाळवले आणि मोठा-छोटा अशा क्रमाने छान मांडून ठेवले. चिठ्ठ्या एका वाटीत! आईला काय बोलणार, चूक माझीच. अख्खे एलराथिया (युटाकडचा एक ट्रायलोबाइट) धडाचे १३ खंड मोजून ओळखले, पण नुसत्या शेपटीचे चार तुकडे आजही बेवारस आहेत. तेव्हापासून दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर बारीक पेनने नंबर, वर पारदर्शक नेलपॉलिश, आणि वहीत त्या नंबरासमोर जागा, थर, तारीख. चिठ्ठी वेगळी असते ती असतेच, पण तिला कसर लागते.

व्हिनेगर. हे कोण शिकवतं मला एकदा भेटायचंय. बऱ्याच ट्रायलोबाइटांचं कवच कॅल्साइटचं असतं, म्हणजे चुन्याचं, आणि व्हिनेगर चुना खातं, फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो ना, तसंच. मी घाईत एक एलराथिया रात्रभर वाटीत ठेवला होता, सोड्यासारखे बुडबुडे बघून वाटलं घाण निघतेय, सकाळी कपाळावरचा उंचवटा आणि डोळ्यांच्या कडा गायब, साबणाची वापरलेली वडी दिसावी तसा. तो अजून टेबलावर आहे, 'थोडंसं चालेल का' विचारणाऱ्याच्या हातात देतो. शिवणाची सुई, जुना टूथब्रश, भिंग, रोज पंधरा मिनिटं, बस. तेवढा धीर नसेल तर स्टॅम्प जमवा.

सुपरग्लू लावायच्या आधी फोटो काढा. दगड फुटला तर दोन्ही अर्धे ठेवा, ठशाच्या बाजूवर कधीकधी जास्त बारकावे असतात.

आणि पावसाळा. शेलमध्ये पायराइट (लोखंड आणि गंधकाचं सोनेरी खनिज) असेल तर मुंबईच्या दमट हवेत तो हळूहळू सडतो, पिवळट-पांढरी पावडर सुटते आणि दगड आतून फुगून फुटतो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. घरात नवीन बुटांचं खोकं आलं की मी आधी आतली पाकिटं काढून घेतो, बूट कोणाचे ते नंतर बघतो.