जर्सी नंतर, वही आधी
भुसावळहून पहाटेच हातनूर धरणाच्या बॅकवॉटरला गळानं मरळ मासा धरायला जातो. बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष (ल्यूर) टाकण्याआधी अर्धा तास नुसतं पाणी बघा. मरळ श्वासाला वर येते, तिथं बुडबुडा उठतो.

कंपनीनं रॉड (गळाची काठी) आणि टीशर्ट दिला म्हणून कोणी गळाचा व्यावसायिक खेळाडू होत नाही. अमेरिकेतल्या बास मासा गळानं धरायच्या स्पर्धांत नावाजलेले खेळाडूही प्रवेश फी भरतात. बहुतेक ठिकाणी दिवसाच्या पाच वजनदार माशांवर निकाल लागतो, मेलेल्या माशामागे एकूण वजनातून काही वजन वजा करतात. मोजला जातो तो मासा, जर्सी नाही. म्हणून वही ठेवा: वारा, गढूळपणा, खोली, मासा लागल्याची वेळ. रिकाम्या हाती परतलात तो दिवस तर आवर्जून लिहा.

रोज रात्री गळाच्या दोरीचं शेवटचं हातभर टोक बोटांतून फिरवा. खरखर लागली की कापा, नवी गाठ ओली करूनच आवळा. माझी सगळ्यात मोठी मरळ दोरी तिथंच तुटल्यानं निसटली.