घाटात गाडी लागू नये म्हणून गाडीचं काय करावं

गाडी लागणाऱ्याला आपल्याकडे सल्ले फुकट आणि भरपूर मिळतात. आवळासुपारी चघळ, लिंबू हुंगत बस, बुडाखाली वर्तमानपत्र घे. गाडीकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. बघितलंच तर गॅरेजवाला म्हणतो, ‘सस्पेंशन कडक झालंय, धक्के बसतात, म्हणून उलट्या होतात.’ हे साफ चूक आहे. याच वाक्यावर विश्वास ठेवून मी दोन वर्षं पैसे घातले आणि भाची तरीही ताम्हिणीत दर फेरीला ओकत राहिली.

धक्क्याने कंबर दुखते, हेलकाव्याने गाडी लागते. खड्ड्यातला हादरा झटपट असतो. बसलेल्या माणसाला सेकंदाला ४ ते ८ वेळा वरखाली हलवलं की सगळ्यात जास्त त्रास होतो, पण तो पाठीला आणि मानेला. पोट ढवळतं ते संथ हलण्याने, साधारण ५ सेकंदांना एक झोका या बेताच्या. बोट लागते ती याच लयीत. कानाच्या आतला तोल म्हणतो आपण हलतोय, समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे म्हणतात सगळं जागच्या जागी आहे, आणि या भांडणाचा निकाल पोटात लागतो.

गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला एक-दीड वेळा वरखाली होते, म्हणजे नुसत्या उसळण्याला फार दोष देता येत नाही. पण पसरणीत किंवा वरंध्यात डावं वळण, उजवं वळण, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांतून नेमकी ती संथ लय तयार होते आणि ढिलं सस्पेंशन तिला फोडणी देतं. वळणावर बॉडी जास्त कलते, ब्रेकला नाक जास्त टाकते, सावरेपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. ‘अहो, आमची गाडी अगदी गादीसारखी’ असं कोणी सांगितलं की घाटात त्यांच्या मागच्या सीटवर बसायला मी तरी नाही म्हणतो. पाट्यांच्या स्प्रिंगांवरची जुनी लाल एसटी हाडं खिळखिळी करायची, पण निदान खिडकी उघडायची.

तर सुरुवात हवेपासून. सकाळी टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो आकडा चिकटवलाय तो भरा. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा बहुतेक वेळा वेगळा असतो, तो बघा. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा मारतो, त्याचं ऐकू नका.

सामान खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकून. टपावर कॅरिअर नको, वरचं वजन गाडीला आणखी कलतं करतं.

आता शॉकअप. माझी सगळी फजिती इथे झाली, म्हणून जरा सविस्तर.

आधी स्प्रिंग आणि शॉकअप यांतला फरक डोक्यात पक्का करा, कारण अर्ध्या गॅरेजांत तो नसतो. वजन पेलते ती स्प्रिंग. स्प्रिंग उसळली की तिला आवरतो तो शॉकअप. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि उसळीचा जोर त्यात जिरतो. सील गेलं, तेल गेलं, की नुसती नळी उरते. गाडी तेव्हा मऊ वाटायला लागते आणि मालक खूश होतो! मीही झालो होतो.

बोनेटचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी वर येऊन गप्प बसली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. पण ही परीक्षा फक्त मेलेला शॉकअप ओळखते, आजारी नाही. माझ्या गाडीचे चारही कोपरे यात पास झाले होते. खरं चित्र दिसतं ते गाडीबाहेर उभं राहून. मागे दोघांना बसवा, दुसऱ्या कोणाला गाडी चालवायला द्या, सोसायटीसमोरच्या गतिरोधकावरून ताशी १५-२० च्या वेगाने न्यायला सांगा, आणि तुम्ही बाजूला उभे राहून मागची चाकं उतरतानाच बघा. डिकी एकदा खाली येऊन स्थिरावली पाहिजे. पुन्हा वर उचलली गेली तर मागचे शॉकअप गेलेत. (नियमातला गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ ला ओलांडता येईल असा. आपल्या गल्ल्यांतले डांबराचे ढिगारे वेगळेच, त्यांवर ही परीक्षा घ्याल तर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर आपटेल.)

मग खाली वाका. शॉकअपच्या अंगावर पुसट ओलावा चालतो, तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली असेल तर बदला. टायरवरून तळहात फिरवा, ठिकठिकाणी उंचवटे-खळगे लागले तर चाक रस्त्यावर टिकत नाहीये. खराब रस्त्यावर सावकाश जाताना पुढून टक-टक येत असेल तर लिंक रॉड बघायला सांगा. तो तुटला की वळणावर कलणं रोखणारा आडवा बार नुसताच लटकतो. याला खर्च फार नसतो आणि फरक मोठा पडतो.

बदलताना शॉकअप जोडीनेच बदला. मी एकच बदलला, कारण ‘दुसरा चांगला आहे साहेब’. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तालात चालायला लागल्या. पुढचं काम असेल तर वरचं माउंटिंगही, म्हणजे शॉकअप बॉडीला जिथे जोडतात तो रबरी भाग, नवं घाला आणि नंतर चाकांची अलाइनमेंट करा. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश बदलले तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. हवेत लटकती ठेवून आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मेकॅनिक कुरकुर करेल. करू द्या.

आणि स्प्रिंगच्या वेढ्यात बसवायचे ते रबरी बफर कृपा करून घालू नका. माझी सगळ्यात महागडी चूक ती. गाडी बोटभर उचलली, सोसायटीत दोघांनी कौतुक केलं. पण बफरने स्प्रिंग आणखी ताठ झाली, आणि तिला आवरायला होते तेच थकलेले शॉकअप. ताम्हिणीत मुळशीचं पाणी दिसायला लागेपर्यंतच आईची कंबर धरली, भाचीने तर तिथवरही वाट बघितली नाही. परत येऊन चारही बफर उपटून काढले.

जोडीने शॉकअप बदलल्यावर उलट्या थांबल्या नाहीत, अर्ध्यावर आल्या. उरलेला दोष माझ्या पायाचा होता. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर संपवायचा, वळणात वेग एकसारखा ठेवायचा, बाहेर पडताना सावकाश वाढवायचा. गाडी थांबायच्या अगदी शेवटी ब्रेक किंचित सैल सोडायचा, म्हणजे नाक उसळी मारत नाही. हे जमलंय का ते बघायला कात्रजच्या जुन्या घाटात एक चक्कर मारा आणि मागच्यांच्या माना बघा. डुलत असतील तर अजून जमलेलं नाही. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की ती आपोआप ब्रेक लावते, तो परिणाम घाटाआधी कमीत कमी करून ठेवा.

बसायची जागा सोपी. मोठ्या माणसाला पुढे बसवा. मुलाला मागे मध्ये, तिथे नीट पट्टा असेल आणि समोरचा रस्ता दिसत असेल तर. सात सीटांच्या गाडीत तिसरी ओळ अजिबात नाही. ती मागच्या चाकांवर किंवा त्यांच्याही मागे असते, त्यामुळे सगळ्यात जास्त वरखाली होते. मोबाइल काढून घ्या. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या तासभर तरी आधी, वळणं सुरू झाल्यावर दिलेली वायाच जाते. झोप आणणारी गोळी गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही.

जांभया सुरू झाल्या किंवा ओठ पांढरे पडले की जागा बघून थांबा आणि त्याला गाडीबाहेर जमिनीवर उभं करा. ‘पाच मिनिटांत घाट संपतोय’ म्हणू नका, संपत नसतो. आणि पिशवी दाराच्या कप्प्यात ठेवा, डिकीत नको.