मुलांची कार सीट: निवड, बसवणी आणि पट्ट्यांचा ताण

मुलाला मांडीवर घेऊन घट्ट धरले की ते सुरक्षित राहते, हा समज फार रुजलेला आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते; ते कोणाच्याही हातांत नसते. एकच सीटबेल्ट स्वतःभोवती आणि मुलाभोवती लावणे तर आणखी घातक, कारण धडकेच्या क्षणी मोठ्या माणसाचा सारा भार मुलावर येतो.

सीट निवडताना केवळ वय न पाहता मुलाची उंची व वजन सीटवर छापलेल्या मर्यादांशी ताडून घ्यावे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. म्हणून त्याची सीट गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. समोरून धडक बसल्यास डोके, मान व पाठ एकाच वेळी सीटच्या पाठीवर टेकतात आणि आघात विभागला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मुलांच्या कार सीटविषयीच्या आर १२९ नियमानुसार ही दिशा किमान १५ महिन्यांपर्यंत राखावी लागते. सीटची मर्यादा संपत नाही तोवर त्यानंतरही दिशा बदलण्याची घाई करू नये. पाय दुमडलेले दिसतात, एवढे कारण पुरेसे नाही. मात्र अशी मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये, कारण उघडणारी एअरबॅग बाळाच्या डोक्यामागील भागावरच जोराने आदळते.

सीट आयसोफिक्सने (म्हणजे गाडीतच बसवलेल्या धातूच्या कड्यांना थेट अडकवून) किंवा सीटबेल्टने, माहितीपुस्तिकेत दाखवल्याप्रमाणेच बसवावी. ज्या ठिकाणी ती गाडीला जोडलेली असते तिथे धरून हलवल्यास ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. पुढे तोंड असलेल्या सीटला वरचा टेदर पट्टा (सीटच्या पाठीचा वरचा भाग गाडीला बांधणारा) असेल, तर तोही अडकवावा. तो नेमका विसरला जातो. नवजात बाळाची हनुवटी छातीवर टेकत असेल, तर श्वासमार्ग दबू शकतो, म्हणून सीटचा कल पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावा.

सर्वाधिक हयगय होते ती हार्नेसच्या, म्हणजे मुलाला सीटमध्ये बांधणाऱ्या सीटच्याच पट्ट्यांच्या बाबतीत, आणि महागडी सीटसुद्धा सैल पट्ट्यांपुढे निरुपयोगी ठरते. मागे तोंड असताना पट्टे मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खालून, तर पुढे तोंड असताना खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित वरून यावेत. पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ त्यांची चिमूट घेऊन पाहावी. चिमटीत पट्टा दुमडून आला, तर तो आणखी ओढावा. जाड जॅकेट आधी काढून ठेवावे, कारण धडकेत त्याची फुगवटी दबते आणि पट्टा आपोआप सैल होतो. थंडी असल्यास पट्टे बांधून झाल्यावर वरून पांघरूण घालता येते.

हार्नेसची मर्यादा ओलांडलेल्या मुलाला बूस्टर, म्हणजे गाडीचा सीटबेल्ट नीट बसावा म्हणून उंच बसवणारे आसन, लागतो. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर आणि तिरका पट्टा मानेवर न येता खांद्याच्या मध्यावर बसेपर्यंत तो वापरावा. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास पोहोचल्यावर जमते. वापरलेली सीट घेताना तिचा पूर्वेतिहास ठाऊक असावा: मोठ्या अपघातातून गेलेली सीट वरून शाबूत दिसली तरी वापरू नये, आणि मुदत उलटलेलीही नको.