मायक्रोफिल्म जपायची असेल तर या चुका टाळा

मोडी रुमाल असोत, जुन्या साप्ताहिकांचे अंक असोत की जमिनीचं दप्तर असो, पानांचे बारीक फोटो फिल्मवर उतरले, रीळ धुऊन, वाळवून डब्यात गेलं आणि रजिस्टरला नोंद झाली की सगळे हात झटकून मोकळे होतात. "फिल्म झाली, आता काळजी मिटली," हे मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि त्याचे परिणामही बघतोय. पॉलिएस्टरच्या पायावरची, नीट धुतलेली सिल्व्हर फिल्म, म्हणजे जिच्यावर चित्र चांदीच्या कणांचं असतं ती, योग्य हवेत ५०० वर्षं टिकेल असं धरतात. त्यातलं 'योग्य हवेत' तेवढं कुणाच्या लक्षात राहत नाही.

पावसाळ्याच्या भीतीने रिळं हवाबंद पिशवीत बांधणं

सगळ्यात जास्त नुकसान मी या चुकीने झालेलं पाहिलंय, आणि करणारे नेहमी काळजी घेणारेच असतात. कोकणातल्या एका ग्रंथालयातून ताईंचा फोन आला, "काका, फिल्म वाचायच्या रीडरवर अक्षरं हलल्यासारखी दिसतात, मशीन बघून द्याल का?" गेलो. कपाटाचं दार उघडलं तसा व्हिनेगरचा भपकारा आला. मशीन बघायची गरजच उरली नाही.

फिल्म १९७० च्या दशकातली, ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकच्या पायावरची. प्रत्येक रीळ जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला चिकटपट्टी, आत सिलिका जेलची पुडी. पुड्या कधीच्याच गुलाबी पडल्या होत्या. एक पिशवी फोडली. फिल्मची कड तळलेल्या पापडासारखी लाटालाटांची झाली होती आणि मधल्या वेढ्यांवर पांढरी भुकटी साठली होती. हळूच उलगडायला घेतलं तर खालचा पाया आक्रसलेला, वरचं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, सुटून सुरकुतलेलं. अक्षरं हलत होती ती यामुळे.

ॲसिटेट उष्णतेने आणि ओलाव्याने कुजतं आणि ॲसिटिक ॲसिड सोडतं. तेच ॲसिड पुढचं कुजणं आणखी वाढवतं. पिशवी बंद केली की ते बाहेर पडायला वाटच राहत नाही. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असली तरी नव्या ॲसिटेट फिल्मला साधारण ४० वर्षांत हा रोग सुरू होतो. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात आर्द्रता ८० च्या वर जाते, तेव्हा हिशेब तुम्हीच करा.

त्या कपाटातली जी रिळं नुसती वास मारत होती, त्यांच्या पॉलिएस्टरवर प्रती काढून घेतल्या. दोन रिळं उलगडलीच नाहीत. "थोडी गरम करून बघू का?" असं तिथल्या एका मुलाने विचारलं, मी हात लावू दिला नाही. मूळ अंक मागितले तेव्हा कळलं, फिल्म झाल्यावर ते रद्दीत दिले होते. जागा अडते म्हणून. त्या दोन रिळांतला मजकूर आता कुठेही नाही. फिल्म झाली म्हणून मूळ कागद कधीही काढू नका. शाईचा रंग, शिक्का, कागदातला जलचिन्हाचा ठसा यातलं काहीही काळ्यापांढऱ्या फिल्मवर पूर्ण उतरत नाही.

माझी सवय सांगतो. रीळ उजेडासमोर आडवं धरायचं. कडेने उजेड आरपार दिसला तर पॉलिएस्टर, काळं दिसलं तर बहुधा ॲसिटेट. ॲसिटेटची रिळं वेगळ्या खोलीत, हवा खेळेल अशा आम्लमुक्त डब्यात, कारण एका रिळाची वाफ शेजारच्यालाही लागते. नाकाला वास येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून ॲसिडने रंग बदलणाऱ्या ए-डी पट्ट्या वापरतो. डब्यात २४ तास ठेवायच्या, निळ्याच्या हिरव्या, मग पिवळ्या होतात. पिवळटपणाकडे झुकली की ते रीळ प्रतीसाठी रांगेत पहिलं. ॲसिटेटला खरी गरज थंडीची आहे: आर्द्रता २० ते ३० टक्के ठेवता येत असेल तर ७ अंश, ५० पर्यंत जात असेल तर २ अंश. पॉलिएस्टरला २१ अंशांपर्यंत चालतं.

साहेब गेले की एसी बंद

दहा ते सहा गार, रात्रभर दमट. सकाळी गार, संध्याकाळी पुन्हा दमट. एवढ्या चढउतारापेक्षा थोडी गरम पण स्थिर, कोरडी खोली मी केव्हाही पत्करेन. वीज वाचवायची असेल तर एसीऐवजी ओलावा शोषणारं यंत्र चोवीस तास चालू ठेवा आणि आर्द्रतामापक कपाटाच्या आत ठेवा, भिंतीवर नको.

बुरशी ओल्या फडक्याने पुसणं

हे वाचून तरी कुणाचा हात थांबावा म्हणून लिहितोय. माझ्यासमोर एका उत्साही नवशिक्याने कापसाचा बोळा पाण्यात बुडवून फिल्मवरून फिरवला. बोळा करडा झाला. त्याला वाटलं, घाण निघाली. रीडरवर ती चौकट लावली तर पानाच्या उजव्या बाजूच्या ओळीच नव्हत्या, त्या बोळ्यावर होत्या. चित्र जिलेटिनमध्ये असतं आणि बुरशी जिलेटिन खाते. तिने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. आधी रीळ कोरड्या खोलीत नेऊन बुरशी पूर्ण सुकू द्या, मग मऊ कुंचल्याने हलकेच झटका, खोलीबाहेर, नाकाला मास्क बांधून. निघाली नाही तर सोडून द्या आणि जाणकाराला बोलवा. 'पटकन होईल' म्हणणाऱ्याला मी फिल्मजवळ येऊ देत नाही.

बाकीच्या चुका

रिळाला रबर लावू नका, त्यातलं गंधक चांदीला खातं.

साधे पुठ्ठ्याचे डबे नकोत. त्यातून निघणाऱ्या वाफांनी चांदीवर बारीक लालसर गोल ठिपके पडतात. अमेरिकेत सरकारी फिल्मवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच ठिपके सापडले आणि मगच लोक जागे झाले. नुकत्या रंगवलेल्या खोलीत रिळं ठेवली तरीही हाच धोका.

डायझो आणि व्हेसिक्युलर, म्हणजे चांदीशिवाय काढलेल्या प्रती, सिल्व्हर फिल्मच्या कपाटात नकोत.

फिल्म पक्की करणारं रसायन, हायपो (थायोसल्फेट), धुताना पाण्याची आणि वेळेची काटकसर नको. उरलेला थायोसल्फेट दर चौरस मीटरला ०.०१४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. हा अंश मोजणारी मेथिलीन ब्लू चाचणी न करता रीळ 'कायमस्वरूपी' म्हणून स्वीकारूच नका, ठेकेदार कितीही घाई करो.

स्कॅन झालं म्हणून फिल्म टाकू नका.

मास्टर, म्हणजे मूळ निगेटिव्ह, रीडरवर लावणं

"फक्त एक पान बघायचंय." त्या एका पानासाठी काचेखाली पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरतो. मास्टर निगेटिव्ह दुसऱ्या इमारतीत, तिच्यावरून काढलेली एक प्रत पुढच्या प्रती काढायला आणि तिसरी वाचकांना, अशी तीन पिढ्यांची रचना ठेवा. मास्टर काढावीच लागली, तर थंड खोलीतून आणल्यावर डबा लगेच उघडू नका. बाहेरच्या खोलीत बंदच राहू द्या, डबा हाताला गार लागेनासा झाला की मगच झाकण काढा. मी रात्रभर ठेवतो.