अमेरिकेतून दिवे-झुंबरं आणण्याआधी

दुकानात दिवा आवडला की किंमत बघण्याआधी लेबल वाचायचं. अमेरिकेत घरची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. लेबलवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलेलं असेल तर एलईडीचा दिवा इथे चालतो. नुसतं १२० असेल आणि एलईडी आतच पक्की बसवलेली असेल, तर तो घेऊ नका. एलईडीला वीज पुरवणारा आतला ड्रायव्हर बदलता येतो, पण नेमक्या त्याच करंटचा मिळणं आणि तेवढ्याशा जागेत मावणं, दोन्ही अवघड.

बल्ब बदलता येणारे दिवे आणणं सगळ्यांत सोपं, कारण त्यात होल्डर आणि वायर याखेरीज फारसं काही नसतं. सोबतचे बल्ब मात्र तिथेच ठेवा. १२० व्होल्टचा तारेचा बल्ब २३० वर लावला की क्षणात उडतो. मोठा आट्यांचा होल्डर ई-२६ मापाचा असतो, आपल्याकडचा ई-२७ बल्ब त्यात बसतो. होल्डरवरचा आकडा वाचा: २५० व्होल्ट असेल तर ठेवायला हरकत नाही, १२५ असेल तर बदलाच. झुंबरातले मेणबत्तीच्या आकाराचे बारीक होल्डर बहुधा ई-१२ असतात. त्या मापाचे २३० व्होल्टचे बल्ब इथे सहज मिळत नाहीत, म्हणून सगळे काढून ई-१४ बसवून घ्यावेत. नवे होल्डर आणायला जाताना जुना एक सोबत न्या. उंचीत थोडा फरक पडला तरी वरची मेणबत्तीची नळी नीट बसत नाही.

खरा घोटाळा वायरच्या रंगात होतो. अमेरिकेत काळी वायर फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंगची. आपल्या घरांत फेज लाल, पिवळी किंवा निळी, आणि काळी न्यूट्रल. वायरमनने सवयीने काळीला काळी जोडली की फेज-न्यूट्रल उलटे होतात. दिवा तरीही लागतो, त्यामुळे चूक कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या पिनच्या होल्डरला याने फरक पडत नाही; आट्यांच्या होल्डरमध्ये मात्र बाहेरच्या आट्यांत फेज येतो आणि बटण चालू असताना बल्ब फिरवायला गेलेल्याला शॉक बसू शकतो. म्हणून जोडण्याआधी, दिवा विजेपासून सुटा असताना, मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) लावून बघा: होल्डरच्या तळातली मधली पट्टी ज्या वायरशी बीप देईल ती फेजला, आट्या ज्या वायरशी देतील ती न्यूट्रलला. खात्री झाली की फेजच्या वायरीला लाल टेप गुंडाळा. पारदर्शक जोडवायर असेल तर बोट फिरवा. बारीक रेघा असलेली बाजू न्यूट्रल, गुळगुळीत फेज. तरी बीप घ्याच.

टेबललॅम्पचा चपट्या पिनांचा प्लग कापून ६ अँपिअरचा तीन पिनांचा लावा. अंग धातूचं असेल तर जुनी दोन तारांची वायर काढून तीन तारांची घाला आणि हिरवी तार अंगाला स्क्रूने घट्ट जोडा. अ‍ॅडॉप्टरवर भागवणं इथे धोक्याचं आहे, त्याने अर्थिंग मिळत नाही.

टांगायच्या दिव्यासोबतची छताला लावायची पट्टी आणि सगळे स्क्रू पिशवीत बांधून आणा. ते इंची आट्यांचे असतात, इथल्या हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. वजन पीओपीच्या छतावर टाकू नका. स्लॅबमधल्या हुकावर किंवा अँकर फास्टनरवर (स्लॅबमध्ये भोक पाडून घट्ट बसवायच्या बोल्टवर) घ्या.

डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण), हात लावला की लागणारे दिवे आणि छताचे पंखे आणूच नका. पंख्याला ट्रान्सफॉर्मरही पुरत नाही: तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. साधी मोटर ६० ऐवजी ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते. झेड-वेव्ह या वायरलेस पद्धतीवर चालणारी स्मार्ट बटणंही टाळा, दोन्ही देशांत त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी असते. झिगबी या दुसऱ्या वायरलेस पद्धतीची अडचण ती नाही, तिथे फक्त व्होल्ट बघा.

काचेचे भाग सुटे करून कपड्यांत गुंडाळा, बिल हाताशी ठेवा आणि कस्टमची चालू मर्यादा निघण्याआधी तपासा.

झुंबर वर चढवण्याआधी खालीच, ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की आपोआप बंद होणाऱ्या स्विचवर) अर्धा तास चालू ठेवा. आरसीसीबी पडली तर कुठेतरी तार धातूला लागते आहे. बहुधा नळीच्या तोंडाशी इन्सुलेशन सोललेलं असतं. अर्धा तास झाला की वीज बंद करून होल्डर आणि जोड चाचपा. एखादा जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तो सैल आहे. तो आवळा आणि पुन्हा अर्धा तास चालवून बघा.